डायलिसिस आणि व्हिटॅमिन ई: कॅप्सूल उघडण्याआधी काय काय तपासायचं

पुण्यातल्या कुठल्याही डायलिसिस युनिटबाहेरच्या बाकड्यावर अर्धा तास बसलं की ती हिरवी मऊ कॅप्सूल एकदा तरी दिसते. कुणी केस गळतात म्हणून घेतं, कुणी पायात गोळे येतात म्हणून, कुणी शेजारच्या खाटेवरचा पेशंट घेतो म्हणून. चिठ्ठीशिवाय मिळते, फार महाग नसते, आणि 'व्हिटॅमिनच तर आहे' हा दिलासा सोबत फुकट.

डायलिसिसवरच्या बहुतेक माणसांच्या रक्तात व्हिटॅमिन ई कमी नसतं. वाढलेलं असतं ते त्याच्यावर पडणारं काम. म्हणून हे काम कुठून येतं ते आधी शोधायचं, जमेल तितकं कमी करायचं, मग ताटाकडे बघायचं आणि कॅप्सूलचा विचार सर्वांत शेवटी करायचा. सहसा हा क्रम नेमका उलटा चालतो.

खवट शेंगदाण्याचं रसायन

बरणीच्या तळाशी राहिलेले शेंगदाणे खवट होतात, म्हणजे त्यांच्यातल्या तेलाला ऑक्सिजन लागतो. स्निग्धाम्लाच्या एका रेणूतून हायड्रोजन निघतो, तो रेणू शेजाऱ्याचा हायड्रोजन ओढतो, शेजारी पुढच्याचा, आणि साखळी लांबत जाते. आपल्या पेशींची आवरणं आणि रक्तातले एलडीएलचे ('वाईट' कोलेस्टेरॉलचे) कण याच जातीच्या स्निग्धाम्लांचे असतात. तिथे हीच साखळी सुरू झाली की त्याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. अल्फा-टोकोफेरॉल, म्हणजे व्हिटॅमिन ईचं रक्तातलं मुख्य रूप, स्वतःचा हायड्रोजन देऊन ती साखळी तोडतं. असं करताना ते स्वतः खर्ची पडतं. त्याला पुन्हा कामाला जुंपायचं काम व्हिटॅमिन सी करतं.

डायलिसिसमुळे या जोडीतला दुसरा गडी गळतो. व्हिटॅमिन सी पाण्यात विरघळतं आणि दर खेपेला डायलायझरमधून, म्हणजे रक्त गाळणाऱ्या कृत्रिम गाळणीतून, निघून जातं. ई चरबीत विरघळतं, रक्तात चरबी वाहणाऱ्या लिपोप्रोटीनच्या कणांत बसून फिरतं, आणि हे कण डायलायझरच्या छिद्रांतून जाण्याइतके लहान नसतात. त्यामुळे 'डायलिसिसमध्ये ई धुऊन जातं, ते भरून काढायला गोळी हवी' हा समज सपशेल चूक आहे. लाल पेशींच्या आवरणात ई कमी असल्याचं काही अभ्यासांत दिसलं आहे, पण तेही वाहून गेल्यामुळे नव्हे. तिथे ते जास्त खर्च होतं.

काम वाढवणाऱ्या गोष्टी अनेक आहेत. रक्त डायलायझरच्या पडद्याला लागलं की पांढऱ्या पेशी खवळतात आणि ऑक्सिजनची आक्रमक रूपं सोडतात. मूत्रपिंडं बंद असल्याने साठलेली युरेमिक द्रव्यं त्यात भर घालतात. शिरेतून दिलेलं लोह, डायलिसिससाठी मानेत घातलेल्या नळीमुळे (कॅथेटर) चालू राहिलेला दाह, किडलेले दात, मधुमेह हे सगळे आपापला वाटा उचलतात. आणि एक गोष्ट अशी आहे की जिच्याबद्दल पेशंट कधी विचारत नाही: पाणी.

पायरी १: पातळी मोजायची तर नीट मोजा

सरसकट प्रत्येकाची व्हिटॅमिन ईची तपासणी करायची गरज नाही. खाणं फारच कमी झालं असेल, वजन उतरत असेल, चरबीचं शोषण बिघडवणारा आतड्याचा, स्वादुपिंडाचा किंवा यकृताचा आजार असेल, किंवा 'तेल बंद' असा सल्ला कुणी दिला असेल आणि घरच्यांनी तो तंतोतंत पाळला असेल, तर मोजावी.

नमुना आठवड्याच्या मधल्या डायलिसिसच्या दिवशी, डायलिसिस सुरू होण्याआधी, शक्यतो उपाशी पोटी घ्यायचा. सुई टोचली की सलाईन आणि हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं औषध) जाण्याआधीच रक्त काढायचं. हेपॅरिन गेलं की रक्तातल्या ट्रायग्लिसराइडचं विघटन सुरू होतं, आणि डायलिसिसनंतर पाणी निघाल्यामुळे रक्त दाट झालेलं असतं. दोन्हींमुळे आकडा बिघडतो. कॅथेटर असेल तर त्यात भरून ठेवलेलं हेपॅरिन असतं, म्हणून पहिले ५ ते १० मिलिलिटर टाकून द्यायचे.

टोकोफेरॉलला उजेड सोसत नाही. नळी लगेच अॅल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळायची. डब्यातल्या पोळ्यांना वापरतो तीच फॉइल चालते. घरी येऊन रक्त नेणारा मुलगा मे महिन्यात हडपसरहून कोथरूडपर्यंत दुचाकीच्या डिकीत नळी घेऊन जाणार असेल तर बर्फाची पिशवी आहे का ते विचारा. ही चाचणी रोजची नसल्याने नमुना बरेचदा मुख्य लॅबकडे जातो आणि अहवालाला काही दिवस लागतात. तपासणी एचपीएलसी किंवा एलसी-एमएस पद्धतीने होते ना, हे आधीच विचारून घ्यावं. त्याच नळीवर, त्याच वेळी कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइडही करायला सांगा. हे राहून गेलं तर पुढचा हिशेब करता येत नाही आणि पैसे वाया जातात.

हिशेब का लागतो, ते समजून घेण्यासारखं आहे. ई लिपोप्रोटीनच्या गाडीत बसून फिरतं. गाड्या कमी असतील तर प्रवासीही कमी दिसतात, म्हणून ते हरवलेले असतात असं नाही. समजा एका पेशंटचा आकडा लिटरला ५.५ मिलिग्रॅम आहे आणि दुसऱ्याचा १३. प्रौढांत साधारण ५ ते १८ ही कक्षा धरतात, तेव्हा पहिला काठावर आणि दुसरा मस्त, असं वाटेल. आता पहिल्याचं कोलेस्टेरॉल डेसिलिटरला ११० मिलिग्रॅम आणि दुसऱ्याचं २६० असेल तर बघा. टोकोफेरॉलच्या मिलिग्रॅम प्रति लिटरला २.३२ने गुणलं की मायक्रोमोल प्रति लिटर मिळतात: १२.८ आणि ३०.२. कोलेस्टेरॉलला ३८.७ने भागलं की मिलिमोल प्रति लिटर: २.८४ आणि ६.७२. भागाकार केला तर दोघांचंही उत्तर ४.५ येतं. कमतरता मानायची ती हे गुणोत्तर २.२च्या खाली गेल्यावर. म्हणजे दोघांनाही काही कमी नाही. काठावर दिसणाऱ्या पहिल्याची खरी अडचण कोलेस्टेरॉल ११० असण्यात आहे. डायलिसिसवर इतकं खाली गेलेलं कोलेस्टेरॉल बरेचदा कुपोषण आणि दाहाची खूण असते, आणि त्यावर उपाय प्रथिनं आणि कॅलरी हा आहे.

अहवालातलं एकक वाचायला विसरू नका. मिलिग्रॅम प्रति लिटर आणि मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर हे सारखेच, पण मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असेल तर आधी १०ने गुणायचं. १.१ आकडा बघून घाबरलेल्यांची खरी पातळी ११ असते.

आणि 'ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस प्रोफाइल' नावाचं पॅकेज? सोडून द्या. त्यातली एमडीए (चरबीच्या ऑक्सिडेशनमधून उरणारा पदार्थ) ही चाचणी साधारणपणे ज्या टीबीएआरएस पद्धतीने होते, ती युरेमिक रक्तात इतर पदार्थांनाही रंग देते. एफ-२ आयसोप्रोस्टेन जास्त विश्वासार्ह आहे, पण ते संशोधनापुरतं. कुठल्या आकड्याला कुठलं औषध द्यायचं हे ठरलेलंच नाही, तर तो आकडा घेऊन करायचं काय? त्या पैशात सीआरपी (दाह), अल्ब्युमिन (पोषण), फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (लोह) करून घ्या. त्यांच्यावरून निर्णय घेता येतात.

पायरी २: पाणी

हा भाग मुख्यतः युनिटच्या टेक्निशियनसाठी आहे, पण नातेवाइकांनीही वाचावा, कारण प्रश्न विचारायचा हक्क त्यांनाही आहे.

एका खेपेत पेशंटच्या रक्ताशी सव्वाशे लिटरच्या आसपास द्रव पडद्याआडून लागतो. पुण्याला खडकवासला साखळीतल्या धरणांतून येणारं पाणी महापालिका क्लोरीन घालून देते. बाणेर, वाघोली, उंड्री अशा भागांत उन्हाळ्यात टँकर येतो, आणि टँकरच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर किती पडली हे टाकणाऱ्याच्या हातावर असतं. जानेवारी २०२५मध्ये सिंहगड रस्त्याच्या परिसरात जीबीएसची (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) साथ आली तेव्हा पाण्यात क्लोरीन आहे ना, याकडे सगळ्यांचं लक्ष गेलं. पिणाऱ्यांसाठी ते चांगलंच झालं. डायलिसिस युनिटच्या कार्बन टँकवर मात्र त्याने भार वाढतो.

क्लोरीन पाण्यातल्या अमोनियाशी किंवा सेंद्रिय नायट्रोजनशी मिळून क्लोरामाइन बनवतो. पोटातून गेलेलं क्लोरामाइन त्रास देत नाही. डायलायझरमधून थेट रक्तात गेलेलं मात्र हिमोग्लोबिनला गंजवतं, लाल पेशी फोडतं, आणि ईचा साठा त्या पेशींच्या आवरणातच संपवतं. 'आमच्याकडे आरओ आहे' हे इथे उत्तर नव्हे. आरओचा पडदा क्लोरामाइन पुरेसं अडवत नाही, आणि क्लोरीनने तो स्वतःच खराब होतो. क्लोरामाइन अडवतो तो आरओच्या आधीचा कार्बन टँक.

एकामागे एक असे दोन कार्बन टँक हवेत आणि पाण्याचा कार्बनशी एकूण संपर्क १० मिनिटांचा हवा, म्हणजे प्रत्येकी ५. पंप मोठा बसवून प्रवाह वाढवला, खाटा वाढवल्या आणि टँक तेच ठेवले, तर संपर्काचा वेळ घटतो. युनिट वाढताना हीच चूक सर्रास होते.

तपासणी रोज, प्रत्येक शिफ्टच्या आधी. यंत्रणा १५ मिनिटं चालवून, पहिल्या टँकनंतरच्या नळातून नमुना घ्यायचा. मोजायचं ते एकूण क्लोरीन. मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम. डीपीडीची (क्लोरीन तपासायचं रसायन) १ नंबरची गोळी फक्त मुक्त क्लोरीन दाखवते, क्लोरामाइन तिला दिसतच नाही. त्यासाठी ४ नंबरची गोळी किंवा १ आणि ३ मिळून वापरायच्या. पोहण्याच्या तलावाच्या पट्ट्या इतक्या कमी पातळीवर कामाच्या नाहीत. नमुना घेतल्याबरोबर वाचायचा, चहा पिऊन येऊन नाही. क्लोरीन उडून जातो आणि आकडा खोटाच चांगला दिसतो.

पहिल्या टँकनंतर ०.१च्या वर आलं तर लगेच दुसऱ्यानंतरचं पाणी तपासा. ते मर्यादेत असेल तर शिफ्ट चालू ठेवता येते, पण तपासणी वारंवार करत आणि पहिला टँक बदलायची व्यवस्था त्याच दिवशी लावत. दुसऱ्यानंतरही वर असेल तर डायलिसिस थांबवायचं. यात चर्चेला जागा नाही.

एक खूण सगळ्यांनी लक्षात ठेवावी. एकाच शिफ्टमधल्या चार-पाच जणांचं हिमोग्लोबिन एकाच महिन्यात उतरलं, इरिथ्रोपोएटिनचा (हिमोग्लोबिन वाढवणारं इंजेक्शन) डोस वाढवूनही हलेना, तर दोष प्रत्येकाच्या आहारात शोधत बसू नका. पाणी बघा. ट्यूबिंगमधलं रक्त चॉकलेटी दिसलं तर मशीन थांबवून डॉक्टरांना बोलवा.

जिवाणू आणि एंडोटॉक्सिन (जिवाणूंच्या आवरणातलं विष) यांचं गणित वेगळं आहे. आरओच्या पाण्यात मिलिलिटरला १०० पेक्षा कमी जिवाणू आणि ०.२५ युनिटपेक्षा कमी एंडोटॉक्सिन ही मान्य पातळी. निम्म्याला पोचलं की कामाला लागायचं. अल्ट्राप्युअर डायलिसेटसाठी (पडद्याआडून वाहणारा अतिशुद्ध द्रव) हेच आकडे ०.१ आणि ०.०३. एंडोटॉक्सिनचे तुकडे पडद्यातून पलीकडे जाऊन पांढऱ्या पेशींना सतत डिवचत राहतात. थंडी वाजून ताप येण्याइतकं ते असेलच असं नाही, पण सीआरपी वर राहतो. महिन्याचा कल्चर अहवाल मागितला तर चांगलं युनिट तो फाइल उघडून दाखवतं.

पायरी ३: पडदा, पुनर्वापर, लोह, कॅथेटर

डायलायझर धुऊन पुन्हा वापरणं आपल्याकडे सर्रास आहे, आणि नीट केलं तर त्यात गैर नाही. पण त्यासाठी वापरायचं पेरॲसिटिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड ही स्वतःच ऑक्सिडायझर आहेत. पेशंटला जोडण्याआधी डायलायझर सलाईनने धुऊन पट्टीने उरलेलं रसायन बघायचं. ते १ पीपीएमच्या खाली हवं. डायलायझरवर पेशंटचं नाव, कितवा वापर आणि धुतल्याची तारीख हवी. पोकळ तंतूंचं एकूण आकारमान मूळच्या ८० टक्क्यांखाली गेलं की डायलायझर टाकायचा, 'अजून दोन खेपा चालेल' असं नाही.

आतून व्हिटॅमिन ईचा लेप दिलेले डायलायझर जपानमध्ये बनले आणि वापरात आहेत. त्यांनी ऑक्सिडेशनचे काही निर्देशांक सुधारतात, पण आयुष्य वाढतं किंवा हार्ट अॅटॅक कमी होतात असा भक्कम पुरावा नाही. खर्च पेलवत असेल तरी तोच पैसा आठवड्याला दोनऐवजी तीन खेपांवर घालणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

लोहाबद्दल मात्र उलटी चूक होते. 'लोहाने शरीर गंजतं' असं कुठेतरी वाचून घरचे इंजेक्शन नको म्हणतात. सुटं लोह ऑक्सिडेशनला चालना देतं हे खरं. पण ब्रिटनमधल्या २१४१ पेशंटच्या पिव्होटल चाचणीत, जिचे निष्कर्ष २०१९मध्ये आले, महिन्याला ४०० मिलिग्रॅम आयर्न सुक्रोज नेमाने मिळालेल्यांची तब्येत कमी लोह मिळालेल्यांपेक्षा वाईट झाली नाही. फेरिटिन ७००च्या वर किंवा सॅच्युरेशन ४० टक्क्यांच्या वर गेलं की तिथे लोह थांबवत होते. तेव्हा इंजेक्शन बंद करू नका, ते नीट द्या: १०० मिलिग्रॅम, १०० मिलिलिटर सलाईनमध्ये, किमान १५ मिनिटांत. ताप किंवा चालू संसर्ग असेल तर त्या दिवशी थांबा.

मानेतलं कॅथेटर सहा-सहा महिने तसंच ठेवणं ही दाहाची सगळ्यांत मोठी आणि टाळता येण्यासारखी सोय आहे. फिस्टुला (हातातली धमनी आणि शीर जोडून केलेली डायलिसिसची जागा) करून घ्या. आणि दात दाखवून या. सीआरपी का उतरत नाही याचं उत्तर कधीकधी हिरड्यांत सापडतं.

पायरी ४: ताट

अमेरिकन शिफारशीप्रमाणे निरोगी प्रौढाला दिवसाला १५ मिलिग्रॅम अल्फा-टोकोफेरॉल लागतं. नेहमीच्या याद्यांत बदाम, पालक, बिया यांची नावं वर असतात. डायलिसिसवरच्या माणसाने ती यादी जशीच्या तशी उचलली तर ई सोबत पोटॅशियम आणि फॉस्फरसही घरात येतात. शंभर ग्रॅम कच्च्या पालकातून २ मिलिग्रॅम ई मिळतं आणि साडेपाचशे मिलिग्रॅमच्या वर पोटॅशियम.

आपल्याकडचा सोपा स्रोत आहे फोडणीचं तेल. तेलात ई असतं आणि पोटॅशियम, फॉस्फरस जवळजवळ शून्य. शंभर ग्रॅम सूर्यफूल तेलात सुमारे ४१ मिलिग्रॅम, करडईच्या तेलात ३४, शेंगदाण्याच्या तेलात १६, सोयाबीनच्या तेलात ८, खोबरेलात नावापुरतं. चौघांच्या घरात महिन्याला दोन लिटर तेल लागत असेल तर माणशी दिवसाला १५ ग्रॅमच्या आसपास पडतं. ते सूर्यफुलाचं असेल तर ६ मिलिग्रॅम ई, करडईचं असेल तर ५, शेंगदाण्याचं असेल तर अडीचच्याही खाली. बाकीचं धान्य, डाळी, भाज्या यांतून थोडं थोडं येतं. मराठवाडा-सोलापूरकडे करडई पिकते, पुण्यात घाण्याच्या दुकानांत तिचं तेल मिळतं. घाण्याचं शेंगदाणा तेल चवीला छान, पण ई साठी ते निवडत असाल तर करडई त्याच्या दुपटीने देते.

तेल ओट्यावर उन्हात, पारदर्शक बाटलीत ठेवू नका. लहान बाटली, गडद रंगाची किंवा स्टीलची, झाकण घट्ट. भजी तळून उरलेलं तेल पुन्हा तापवलं की त्यातलं ई आधीच त्या तेलाला खवट होण्यापासून वाचवण्यात खर्ची पडलेलं असतं, आणि तुमच्या पोटात जातो तो खवटपणाच.

पाच बदाम म्हणजे ६ ग्रॅम: दीड मिलिग्रॅम ई, ४५च्या आत पोटॅशियम, ३० फॉस्फरस. हे बहुतेकांना परवडतं. मूठभर बदाम नाही. चमचाभर दाण्याचं कूट, १० ग्रॅम, भाजीत घातलं तर ७० पोटॅशियम; तेही चालून जातं. बिघडतं ते उपवासाला. साबुदाण्याच्या खिचडीत एका ताटलीमागे ४० ग्रॅम कूट आणि एक बटाटा गेला तर पोटॅशियम ७००च्या घरात पोचतं, म्हणजे डायलिसिसवर दिवसाला २००० मिलिग्रॅमची मर्यादा असेल तर जवळजवळ तिसरा हिस्सा. वर शहाळं घेतलं तर विचारायलाच नको. खिचडी खायचीच असेल तर कूट निम्मं, बटाटा नाही.

व्हिटॅमिन सीची जोडी जुळवायला हवी, पण जपून. दिवसाला ६० ते १०० मिलिग्रॅम पुरे. चघळायची ५०० मिलिग्रॅमची केशरी गोळी रोज खाऊ नका, आवळ्याच्या रसाचा पेलाही नको. जादा सीचं शरीरात ऑक्झलेट होतं, ते लघवीवाटे जायचं, आणि लघवीच नसेल तर सांध्यांत आणि रक्तवाहिन्यांत साठतं. डायलिसिसला ते पुरेसं काढता येत नाही.

पायरी ५: कॅप्सूल द्यायचीच असेल तर

आधी पुरावा. इस्राएलमधल्या स्पेस चाचणीत, जी २०००मध्ये प्रसिद्ध झाली, हृदयविकार असलेल्या १९६ डायलिसिस पेशंटना रोज ८०० युनिट ई किंवा औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी दिली. हृदयाच्या आणि रक्तवाहिन्यांच्या घटना ३३ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आल्या. आजवर ईच्या बाजूने बोलणारे हाच आकडा सांगतात. मृत्यू मात्र कमी झाले नाहीत, हे सांगायचं राहतं. त्याच वर्षी आलेल्या होप या कितीतरी मोठ्या चाचणीत ४०० युनिटचा काही उपयोग दिसला नाही, आणि पुढे तोच अभ्यास लांबवल्यावर ई घेणाऱ्यांत हार्ट फेल्युअर जास्त आढळलं. २०१४मध्ये डायलिसिसच्याच ३५३ पेशंटना मिश्र टोकोफेरॉल आणि अल्फा लिपोइक आम्ल सहा महिने देऊन बघितलं; दाह, ऑक्सिडेशन, इरिथ्रोपोएटिनला मिळणारा प्रतिसाद, कशातच फरक नाही. अमेरिकन नॅशनल किडनी फाउंडेशनच्या २०२०च्या आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वांत डायलिसिसवरच्यांना ए आणि ई सरसकट देऊ नये असं म्हटलं आहे.

उरतात दोन प्रसंग. एक म्हणजे गुणोत्तराने सिद्ध झालेली खरी कमतरता. दुसरा, पायात येणारे गोळे. पायातल्या या गोळ्यांसाठी ई आणि सी दिल्याचा एक लहान, आठ आठवड्यांचा इराणी अभ्यास आहे, ६० पेशंटचा, आणि त्यात फायदा दिसला. पण गोळे आले की आधी पाणी काढायचा वेग बघायचा. तासाला, किलोमागे १३ मिलिलिटरच्या वर जाऊ नये. ५५ किलोच्या माणसाला चार तासांत २८६० मिलिलिटर ही वरची हद्द झाली. दोन खेपांमध्ये चार किलो वाढवून आलेल्या माणसाच्या पोटऱ्या कुठल्याच कॅप्सूलने सैल पडणार नाहीत. ड्राय वेट (जादा पाणी काढल्यावरचं वजन) पुन्हा ठरवा, मीठ कमी करा, गरज असेल तर वेळ वाढवा. तरीही गोळे राहिले तरच नेफ्रोलॉजिस्टना विचारून सहा ते आठ आठवड्यांची मुदत घालून बघा, आणि फरक नसेल तर बंद करा.

पाकिटावर '४००' लिहिलं आहे त्याचा अर्थ बघून घ्या. टोकोफेरिल अॅसिटेटच्या आधी 'डीएल' असेल तर ते कृत्रिम. ४०० मिलिग्रॅम म्हणजे ४०० युनिट, आणि शरीराच्या उपयोगाचं त्यातलं १८० मिलिग्रॅम. नैसर्गिक, म्हणजे फक्त 'डी' असेल, तर ४०० युनिटमध्ये २६८ मिलिग्रॅम. लहान आकडाही रोजच्या गरजेच्या १२ पट आहे. 'अँटिऑक्सिडंट' नावाने मिळणाऱ्या मिश्र कॅप्सूल तर घेऊच नका, कारण त्यांत बरेचदा व्हिटॅमिन ए किंवा बीटा कॅरोटीन असतं, आणि मूत्रपिंडं बंद असताना ए शरीरात साठत जातं.

घ्यायची ती जेवणासोबत, ज्यात थोडं तरी तेल-तूप आहे अशा. उपाशी पोटी चहाबरोबर गिळली तर बरीचशी तशीच निघून जाते. डायलिसिसच्या आधी की नंतर, याने फरक पडत नाही. सेव्हेलामेर हा फॉस्फेट बाइंडर (जेवणातलं फॉस्फरस अडवणारं औषध) चरबीत विरघळणारी जीवनसत्त्वं बांधून ठेवू शकतो, म्हणून ज्या जेवणाला बाइंडर नाही किंवा कमी आहे ते जेवण निवडा.

वॉरफरिन (रक्त गोठू न देणारी गोळी) चालू असेल तर ही कॅप्सूल नकोच. मोठ्या मात्रेतलं ई व्हिटॅमिन केच्या कामात अडथळा आणतं आणि आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचं माप) वर जातो. अॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल असेल तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय नको. डायलिसिसचं हेपॅरिन त्यात असतंच. यकृतात चरबी आहे म्हणून दुसऱ्या डॉक्टरांनी ई लिहून दिलं असेल तर तो कागद नेफ्रोलॉजिस्टना दाखवा. फिस्टुला, प्रत्यारोपण किंवा कुठल्याही शस्त्रक्रियेच्या दोन आठवडे आधी बंद करा.

चालू असेपर्यंत एक नोंद ठेवायची: सुई काढल्यावर रक्त थांबायला किती मिनिटं लागतात. दोन बोटांनी सारख्या दाबाने धरायचं, दर मिनिटाला उचलून बघायचं नाही, १० मिनिटांनी सोडून बघायचं. फाइलमध्ये तारखेपुढे आकडा लिहायचा. दोन खेपा लागोपाठ २० मिनिटांच्या वर गेल्या तर कॅप्सूल बंद करून डॉक्टरांना कळवा, हेपॅरिनचा डोस तपासून घ्या, आणि फिस्टुलाची डॉपलर (रक्तप्रवाह बघणारी सोनोग्राफी) करून घ्या, कारण पुढची शीर अरुंद झाली असेल तरीही रक्त असंच थांबत नाही, आणि तो दोष कॅप्सूलवर टाकून मोकळं झालं तर एक दिवस फिस्टुला बंद पडलेला सापडतो.